कातणे आणि अच्चु

तमिळ भाषेत ‘अच्चु’ असा एक लहानसा शब्द आहे. साचा, ठसा, छाप हे त्याचे अर्थ. छापखान्यातील खिळा हा अच्चु, आणि पिठात बुडवून उकळत्या तेलात धरावयाचे लोखंडी फूल, ज्याच्या योगे सणासुदीची कुरकुरीत फुले तळून निघतात, तेही अच्चुच. मराठी स्वयंपाकघरात याच्या जागी वेगळेच हत्यार असते. पितळी दांडी आणि तिच्या टोकाला फिरणारे दातेरी चाक, असे ते कातणे. वर्षभर ते डब्याच्या तळाशी कोठे तरी पडून राहते. दिवाळी जवळ आली म्हणजे त्याची आठवण होते, आणि ते सापडले की घरातील मुलांमध्ये ते कोणी चालवावयाचे यावरून भांडण जुंपते. एकाच घरात, एकाच खुंटीला ही दोन्ही हत्यारे शोभावीत असे जर एखादे नगर असेल, तर ते कावेरीच्या खोऱ्यातील तंजावर होय.

कणकेचे आकार कापून मुलांच्या हाती सणाचा खाऊ द्यावा, ही हौस जगात सर्वत्र दिसते. युरोपात नाताळाच्या आधी घरोघर पोळी लाटून तीतून तारे, चंद्र, घोडे, माणसे कापतात आणि ती भट्टीत भाजतात. मराठी घरात शंकरपाळी कापतात, करंजीची कड कातरतात आणि कढईत तळतात. हौस एकच असूनही प्रकार निराळे का झाले, याचे उत्तर प्रथम धान्यात आणि मग चुलीत शोधावे लागते. तंजावरचा इतिहास या दोन्ही गोष्टींवर चांगला प्रकाश टाकतो.

धान्याची गोष्ट अशी. गव्हाचे पीठ भिजवून मळले की त्याला चिकटपणा आणि ताण येतो. ते लाटता येते, ताणता येते, आणि कापले असता कापलेला आकार धरून ठेवते. तांदळाच्या पिठाला हा गुण नाही. त्याची पातळ पोळी लाटून तीतून चांदणी कापू जावे तर कडा भुगा होऊन गळतात. म्हणून तांदळाच्या प्रदेशातील माणसाने कापण्याचा नाद सोडला आणि दुसऱ्या युक्त्या काढल्या. पीठ हातावर वळावे, छिद्रांतून दाबून काढावे, नाही तर पातळ कालवून साच्याला चिकटवावे. चकली, मुरुक्कु, सीडै आणि अच्चु-मुरुक्कु हे सारे पदार्थ याच युक्त्यांतून निघाले. कातणे हे गव्हाच्या लोकांचे हत्यार आहे, अच्चु भाताच्या लोकांचे. गहू खाणारे लोक भाताच्या मुलखात जाऊन राहिले म्हणजे काय होते, ते तंजावरात पाहावयास मिळते.

शहाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी 1675-76 च्या सुमारास तंजावर हस्तगत केले. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून सरदार, कारकून, शास्त्री, कीर्तनकार, आचारी अशी मराठी कुटुंबे कावेरीतीरी उतरली. ज्या मुलखात ही मंडळी आली तो हिंदुस्थानातील भाताच्या मोठ्या कोठारांपैकी एक. कालवे, पाट, हिरवीगार शेते, आणि नजर पोहोचेल तेथवर साळ. येथे गहू पिकत नाही. तो बाहेरून आणावयाचा. दख्खनमध्ये मात्र गव्हाची परंपरा फार जुनी. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मंडक आणि पोलिका, म्हणजे आपले मांडे आणि पोळी, यांचे वर्णन येते. ज्या जिभेला इतक्या पिढ्या पोळीची सवय, ती एका पिढीत मोडावी कशी? रोजच्या ताटात भाताने ठाण मांडले. सणाच्या ताटात मात्र गव्हाने आपली जागा राखली, आणि जी वस्तू दुर्मिळ ती सणाला अधिकच शोभते.

तंजावरच्या दरबाराला पाकविद्येचे कौतुक पहिल्यापासून होते. व्यंकोजींची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाने रघुनाथ नवहस्त या पंडिताने ग्रंथरचना केली. ‘भोजनकुतूहल’ हा त्याचा संस्कृत ग्रंथ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील होय, हे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी साधार दाखवून दिले. जिलबीचा इतिहास लिहिताना गोड्यांनी याच ग्रंथाचा आधार घेतला होता. ग्रंथ संस्कृतात असला तरी पदार्थांची मराठी नावे त्यात जागजागी डोकावतात. पंडिताने श्लोक देववाणीत रचले, पण जिन्नस ओळखावयाचा तर आईच्या तोंडचेच नाव हवे, हे तो विसरला नाही.

नावांचा हा प्रवास दोन्ही दिशांनी झाला. तमिळ घरांतील ‘पिट्लै’ हे पिठल्याचे नाव घेऊन नांदते, ‘रसवांगी’त वांगे उघड दिसते, आणि पुरणाची ‘पोळी’ तर तमिळ मिठाईच्या दुकानात त्याच नावाने विकली जाते. सांबाराची सांगड संभाजीराजांशी घालणारी कथा सर्वांनी ऐकलेली आहे. कथा म्हणून ती गोड आहे, पुरावा म्हणून लंगडी आहे. त्या एका कथेवर तंजावरच्या मराठी पाककलेची सारी कीर्ती उभी करू नये. तिच्याहून अधिक बोलका असा एक साधा शब्द आहे. कर्नाटक संगीताच्या मैफलीत मुख्य कृती संपल्यावर शेवटी जी हलकीफुलकी पदे गातात, त्यांना ‘तुक्कडा’ म्हणतात. हाच शब्द दक्षिणेत पिठाच्या तळलेल्या कापांनाही लावतात. शब्द तर आपला तुकडा! गाण्यात असो वा फराळाच्या ताटात, जड भोजनानंतर हाती पडणारा आणि मुलांना प्रिय असणारा तो लहान घास.

आता कातण्याकडे वळू. शंकरपाळ्याचे नाव शंकराशी जोडण्याचा मोह होतो, परंतु ते फारसीतील ‘शकरपारा’, म्हणजे साखरेचा तुकडा, या शब्दावरून आले आहे. करंजीला तमिळमध्ये सोमासी म्हणतात. ते नावही फारसीतून आलेल्या समोशाचेच भावंड. करंजीची कड कापण्याच्या चाकाला तेथे ‘सोमासी करंडी’ असे नाव आहे. शंकरपाळ्याला आजकाल तमिळ शहरांत इंग्रजी नावाने ‘डायमंड कट’ म्हणतात. एका पदार्थाने किती भाषांची वस्त्रे नेसावीत! कृती मात्र घरोघर तीच. दूध, साखर आणि तूप सारख्याच वाटीने घ्यावे, साखर विरघळेपर्यंत तापवावे, आणि त्यात मावेल तितका मैदा घालून घट्ट भिजवावे. प्रमाण पाठ करावयास सोपे असल्याने ते मुलींना न लिहिता समजे, आणि पिढ्यानपिढ्या न लिहिताच टिकले. तुपाचे मोहन पिठाच्या कणाकणाला लागले म्हणजे गव्हाचा ताण हवा तितकाच उरतो. पोळी लाटताही येते आणि तळलेला तुकडा खुसखुशीतही होतो. मोहन कमी पडले तर शंकरपाळे दाताशी भांडते, अधिक झाले तर कढईत विरघळते.

यातील लाटण्याचे काम थोरांचे, कापण्याचे लहानांचे. ही वाटणी कोणी नियम करून ठरविलेली नाही. ती कामातूनच आली आहे. लाटण्याला मनगटाचे बळ आणि सारख्या जाडीचा अंदाज लागतो, कढईपाशी तर मुलाला फिरकूच द्यावयाचे नसते. कातणे चालविणे मात्र चार वर्षांच्या मुलालाही साधते. चाकाला धार नसते, त्यामुळे बोट कापण्याचे भय नाही. पोळीवर एका अंगाने सरळ रेघा ओढाव्या, मग दुसऱ्या अंगाने तिरप्या. दोन रेघांमध्ये आपोआप चौकटीचा आकार सापडतो. रेघ वाकडी गेली तर तुकडा वाकडा होतो, पण वाया जात नाही. या आकारात एक शहाणपण आहे. युरोपीय पद्धतीने पोळीतून तारे आणि वर्तुळे कापली तर मधल्या जागा उरतात, त्यांचा गोळा पुन्हा लाटावा लागतो, आणि दर लाटणीला पीठ कठीण होत जाते. शंकरपाळ्याच्या आकारात तुकडा तुकड्याला लागून असतो, उरते ती फक्त गोल पोळीची कड. ज्या घरात गव्हाचे पीठ जपून वापरावयाचे, त्या घराला हाच आकार परवडणार.

करंजीच्या बाबतीत कातण्याचे काम अधिक जोखमीचे. तेथे दोन पापुद्रे एकमेकांस मिटवून सारण आत कोंडावयाचे असते. दातेरी चाक फिरत जाते तसे ते कापते आणि त्याच वेळी दाबून जोडतेही. कड नीट मिटली नाही तर करंजी तेलात उघडते, सारण बाहेर सांडते आणि सारा घाणा काळवंडतो. म्हणून मुलाच्या हाती करंजी देण्याआधी आजी त्याला दोन-तीन दिवाळ्या शंकरपाळ्यांवर उमेदवारी करावयास लावते. तंजावरच्या मिठाईत करंजीचे एक थाटाचे भावंड आहे. खव्याचे सारण भरून, कड मुरडून, तळून पाकात बुडविलेली अर्धगोल ‘चंद्रकला’, आणि तीच पुरी गोल केली म्हणजे ‘सूर्यकला’. एका ताटात सूर्य आणि चंद्र पाहून मुलाने कशाला आधी हात घालावा?

भाताच्या बाजूलाही मुलांना काम आहेच. गोकुळाष्टमीला तमिळ घरांत दारापासून देवघरापर्यंत तांदळाच्या पिठीने बाळकृष्णाची इवली पावले उमटवितात, आणि नैवेद्यासाठी सीडै करतात. तांदळाच्या पिठाच्या गोटीएवढ्या या गोळ्या वळण्यास लहान तळव्यांइतके योग्य साधन नाही. एक सावधगिरी मात्र घ्यावी लागते. पीठ नीट चाळले नाही, अथवा गोळीत वाफ कोंडून राहिली, तर ती तेलात फटाक्यासारखी फुटते. म्हणून गोळ्या फार घट्ट वळावयाच्या नाहीत, आणि वळून झाल्या की मुलांना अंगणात पिटाळावयाचे. मराठी अनारसे आणि तमिळ अधिरसम् यांचे नाते तर इतके जवळचे की दोघांची कृती एकाच श्वासात सांगावी. तांदूळ भिजवून कुटलेले पीठ, गूळ आणि काही दिवसांचे मुरणे दोहोंकडे आहे. भाताच्या मुलखात आलेल्या मराठी गृहिणीला येथे नवे असे काही शिकावे लागले नसेल.

कणकेला आकार देण्याचे प्रसंग मराठी पंचांगात इतरही आहेत. आषाढी अमावास्येला कणकेचे दिवे होतात, नागपंचमीला दिंड. त्या दिवशी कापणे, चिरणे, तळणे वर्ज्य असल्याने पुरणावर कणीक नुसती दुमडतात आणि उकडतात. सणाने हत्यारालाच एक दिवसाची सुट्टी दिली आहे! पाडव्याच्या साखरगाठी लाकडी साच्यातून निघतात. शेजारच्या कर्नाटकात संक्रांतीला सागवानी साच्यांत साखरेचा पाक ओतून हत्ती, पक्षी, वृंदावने करतात आणि तीळगुळाबरोबर मुलांना वाटतात. त्यांचे नाव ‘सक्करे अच्चु’. अच्चु हा शब्द पुन्हा येथे भेटतो.

ज्या लोखंडी फुलाचा आरंभी उल्लेख केला, त्याच्या साहाय्याने होणारे अच्चु-मुरुक्कु तमिळ प्रदेशातील ख्रिस्ती घरांत नाताळाचे खास पक्वान्न आहे. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध, साखर, तीळ, बहुधा अंडेही. साचा आधी तेलात चांगला तापवावा, मग पातळ पिठात तीन चतुर्थांश बुडवावा. वरची कड पिठाखाली गेली तर फूल साच्याला मिठी मारून बसते आणि सुटता सुटत नाही. तापलेल्या साच्याला पीठ चटकन धरते, तो पुन्हा तेलात सोडून हलकेच झटकला की फूल मोकळे होऊन तरंगू लागते. मुले दूर पाटावर बसून फुले मोजतात. सिंहलद्वीपात एप्रिलमधील नववर्षाला हेच फूल तळतात आणि त्याला ‘कोकिस’ म्हणतात. हा शब्द डच भाषेतील ‘कूक्ये’, म्हणजे लहान केक, याचे रूपांतर आहे, आणि इंग्रजीतील ‘कुकी’ हा शब्दही त्याच डच मुळाचा. तंजावरच्या पूर्वेस समुद्रकाठी असलेले नागपट्टणम् 1658 ते 1781 पर्यंत डचांच्या ताब्यात होते. सध्या जगभर लहानमोठ्यांच्या तोंडी असलेला तो शब्द बोलणारे व्यापारी तंजावरच्या मराठी राजांचे इतके निकटचे शेजारी होते.

त्याच किनाऱ्यावर तरंगंबाडी. 1620 मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाने ती जागा डेन्मार्कच्या राजाच्या लोकांना व्यापारासाठी दिली, आणि पुढे मराठी राजांनाही डेन लोक तिचा वार्षिक आकार भरीत राहिले. हे लोक इतक्या दूर आले कशासाठी? मुख्यतः मिऱ्यांसाठी. उत्तर युरोपातील नाताळाच्या आकार दिलेल्या मसालेदार बिस्किटांची नावेच पाहावी. जर्मनांचे ‘फेफरकूखन’, डेनांचे ‘पेबरकागे’, दोहोंचा अर्थ मिऱ्यांचा केक. मध्ययुगात परदेशी मसाल्याच्या कोणत्याही मिश्रणाला तेथे मिऱ्याचे नाव पडे, इतका त्या दाण्याचा दबदबा. डिसेंबरच्या हिमात तेथील मूल जे मसालेदार हृदय अथवा घोडा खात होते, त्याची चव पूर्वेच्या समुद्रातून गेलेली होती.

तरंगंबाडीच्या डॅनिश मिशनमध्ये 1750 साली श्वार्ट्झ हा तरुण पाद्री आला. तो 1726 मध्ये ब्रांडेनबुर्ग प्रांतात जन्मला आणि हाल्ले येथे शिकला होता. तमिळ, मराठी, फारसी या भाषा त्याने आत्मसात केल्या, तंजावरात शाळा काढली. 1787 मध्ये तुळजाराजाने मरणसमयी दहा वर्षांच्या दत्तक सर्फोजीला याच पाद्र्याच्या दृष्टीखाली सोपविले. पुढील सहा वर्षांची कथा उदास आहे. अमरसिंहाच्या कारकिर्दीत हा मुलगा जवळजवळ बंदिवासात वाढला, त्याच्या शिक्षणाची आबाळ झाली. श्वार्ट्झने कंपनी सरकारकडे खटपट करून 1793 मध्ये त्याला मद्रासेस हलविले. 1798 च्या फेब्रुवारीत वृद्ध पाद्री वारला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये सर्फोजी गादीवर बसला. त्याने श्वार्ट्झच्या थडग्यासाठी स्वतः इंग्रजी पद्य रचले, लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करविले, आणि तरीही आपला धर्म सोडला नाही. बालपण ज्याचे हिरावले गेले त्या राजाने पुढे मुलांसाठी काय केले, ते येथे पाहण्यासारखे आहे.

1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला, किल्ला आणि भोवतालचा टापू तेवढा राजाकडे उरला. तलवार म्यान झाली, म्हणून या राजाने ग्रंथ, औषधे, शाळा आणि स्वयंपाकघर यांकडे लक्ष वळविले. त्याच्या मुदपाकखान्यातील कृतींचे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे मराठी हस्तलिखित तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. ब्राह्मणी पाक, सामिष पाक आणि इंग्रजी पाक असे त्याचे विभाग आहेत. इंग्रजी खाणे त्या काळी दक्षिणेत कितीतरी घरांत विटाळाचे मानले जात होते, आणि येथे त्याच्या कृती मराठीत उतरवून घेतलेल्या! राजाने पाहुण्यासाठी परकी पाककला दाराबाहेर ठेवली नाही, तिला वहीत जागा दिली.

तंजावरच्या छत्रांसंबंधी सर्फोजीने 1801 मध्ये कंपनीच्या रेसिडेंटाला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. छत्रे म्हणजे यात्रेकरूंची अन्नछत्रे आणि धर्मशाळा. वाटसरूंची जी मुले पोरकी होऊन छत्रात येतील त्यांना शिक्षकाच्या हवाली करावे, दिवसातून तीन वेळ जेवू घालावे, चौथ्या दिवशी तेल लावावे, तान्ह्यांना दूध द्यावे, असा तेथील रिवाज त्याने वर्णिला आहे. हे उत्पन्न कंपनीने काढून घेऊ नये, हाच पत्राचा हेतू. राज्य गेले त्यापेक्षा छत्र जाईल याची चिंता त्याला अधिक होती, असे ते पत्र वाचताना वाटते.

आणि अच्चु? खाऊचा साचा आणि छापखान्याचा खिळा, दोहोंना तमिळने एकच शब्द दिला, त्याचा प्रत्यय तंजावरच्या परिसरात येतो. तरंगंबाडीच्या जर्मन पाद्र्यांनी तमिळ अक्षरांचे साचे पाडून 1715 मध्ये तमिळ नवा करार छापला होता. सर्फोजीने राजवाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि 1806 मध्ये तेथून ‘बालबोध मुक्तावली’ हे पुस्तक निघाले. ते इसापाच्या कथांचे मराठी रूप होय. मराठीतील अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी हे एक. सिरामपूरला केरीचे मराठी व्याकरण त्याच्या एकच वर्ष आधी छापून झाले होते. केरीचे पुस्तक मराठी शिकणाऱ्या परक्यांसाठी होते, तंजावरचे कोल्ह्या-कावळ्यांच्या गोष्टींचे. दप्तराची लिपी मोडी, तिला प्रौढ कारकुनाचा हात हवा. खिळे पाडले गेले ते बाळबोध अक्षरांचे. मराठी मुलखात पेशवाई अजून उभी होती, पुण्यात छापखाना नव्हता, त्या दिवसांत कावेरीकाठी मराठी अक्षर साच्यातून निघाले होते.

राहिली चुलीची गोष्ट. मराठी घरात भाजण्याची कला अज्ञात नव्हती. मांडे उलट्या खापरावर भाजत, रोडगे गोवऱ्यांच्या आरात, पानगे पानांत गुंडाळून. बंद भट्टी मात्र घरात नव्हती. पाव आणि बिस्किटे ज्या भट्टीतून येत ती परक्याची, आणि त्या खाण्यावर जातीची करडी नजर. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला, त्याबरोबर बिस्किटे आली, आणि त्यावरून ग्रामण्य उभे राहून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळक आणि रानडे हे दोघेही त्यात गुंतले, दोघांनाही प्रायश्चित्ताचा प्रश्न चुकला नाही. एका बिस्किटाने इतके मोठे वादळ क्वचितच उठविले असेल. तंजावरच्या राजवाड्यात इंग्रजी पाक मराठीत लिहिला गेल्यानंतर तब्बल दोन पिढ्यांनी हे घडले, हा योगायोग मनोरंजक आहे.

पुढे घरच्या घरी युक्त्या निघाल्या. जाड बुडाच्या भांड्यात वाळू तापवून तिच्यावर ताटली ठेवावी, वर झाकण, झाकणावर निखारे. नानकटाई अशा वर-खाली विस्तवावर भाजून निघू लागली. विसाव्या शतकात शहरांतील मराठी घरे दिवाळीपूर्वी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत तूप, साखर, मैदा घेऊन जवळच्या बेकरीत जात, मिश्रण तेथेच फेटून घेत, आणि पत्र्याच्या डब्यातून गरम नानकटाई घरी आणीत. डबा धरण्याच्या निमित्ताने मुले बरोबर असत. भट्टीच्या तोंडाशी उभे राहून लांब दांड्याच्या फळीवरून ताटे आत जाताना पाहणे हा खाण्याइतकाच आनंद होता.

तंजावरचे राज्य 1855 मध्ये, दुसऱ्या शिवाजीच्या निधनानंतर, औरस पुत्र नसल्याच्या कारणावरून संपुष्टात आले. ग्रंथालय 1918 मध्ये लोकांसाठी खुले झाले. राजकीय छत्र गेल्यावर तेथील मराठी दरबारातून घरात आली, आणि घरातही हळूहळू माजघराकडे सरकली. कुंभकोणम् येथे जन्मलेले सर टी. माधवराव हे याच मराठी समाजातील. त्रावणकोर, इंदूर, बडोदे येथे दिवाणगिरी केल्यानंतर उतारवयात त्यांनी 1889 मध्ये मुलांच्या संगोपनावर एक छोटे इंग्रजी पुस्तक लिहिले, आणि त्याचे मराठीतही भाषांतर झाले. तीन संस्थानांची घडी बसविणाऱ्या मुत्सद्द्याला शेवटी लेखणी उचलावीशी वाटली ती घरातील मुलांसाठी.

तंजावरच्या मराठी घरातील मूल आज शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकते. मराठी त्याला शिकविण्यासाठी वेगळा तास नाही. ती त्याच्या कानी पडते ती पोळपाटाभोवती. मोहन, घाणा, पारी, सारण, कड मुरड, सरळ ओढ, हात भाजेल, हे शब्द छापलेल्या पुस्तकातून येत नाहीत आणि त्यांना तमिळ प्रतिशब्द शोधण्याची गरज त्या घटकेला कोणास वाटत नाही. त्या मराठीत तमिळ सूर मिसळलेला असतो, क्रियापदे पुण्याच्या कानाला जुनाट वाटतात. पुण्याच्या माणसाने हसण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की साडेतीनशे वर्षे ही बोली चालत आली आहे.

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी शंकरपाळ्यांचे डबे भरून होतात, कढईतले तेल निवत येते, आणि ताटात गोल पोळ्यांच्या कातरलेल्या कडा तेवढ्या उरतात. लांब, वाकड्या, अर्धचंद्राकृती. त्या कोणाच्या फराळाच्या ताटात जावयाच्या नसतात. शेवटचा घाणा त्यांचा, आणि तो निथळण्याआधीच मुलांनी संपविलेला असतो.